दिव्यावरील पतंगांची नोंदवही

दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाचे कौतुक आपण पुष्कळ केले. त्याचे नाव-गाव मात्र क्वचितच विचारले. ते विचारणाऱ्यांत एक सरकारी अधिकारी होते, हे आम्हांस निवृत्तीनंतर समजले.

मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील टी. आर. बेल यांनी नोकरी सांभाळून कारवारकडील रानांतले सुरवंट पाळले व पतंग होईपर्यंतच्या साऱ्या अवस्था टिपल्या. निवृत्तीनंतर ते कारवारलाच राहिले. मेजर स्कॉट यांच्यासह त्यांनी लिहिलेला पतंगांवरील ग्रंथ १९३७ साली निघाला.

गेल्या जूनमध्ये नातवंडांच्या सुट्टीत आम्ही पचमढीस गेलो. अंधाऱ्या रात्री व्हरांड्यात पांढरी चादर ताणून दिवा लावला. तासाभरात चादर भरली. टसरचा पतंगही आला. तारीख, वेळ, हवामान लिहून आम्ही दिवा मालवला.

महाराणा प्रताप नगरातील गच्चीवर तोच प्रयोग केला, तेव्हा सातच पतंग आले. भोवती दुकानांच्या पाट्यांचा झगमगाट. म्हणून थोडे आले यावरून थोडे उरले, असे ठरत नाही. वर्षानुवर्षे त्याच जागी मोजल्याखेरीज निकाल देता येत नाही.

१९५६ साली राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतील कितीतरी मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. नोंद ठेवणे हा त्यांचा पिंड. तरी तेव्हाच्या आमच्या अंगणातील दिव्यावर काय येत असे, हे घरातील एकाही वहीत नाही. नातवंडांच्या वहीत ते असावे, एवढीच इच्छा.