रुजुवात आकाशातली

दाबोळीला किंवा आता मोपाला आपण विमानात बसतो, पट्टा बांधतो आणि खिडकीतून बाहेर बघत राहतो. त्याच वेळी पुढे कॉकपिटमध्ये एक वैमानिक यादीतली एकेक ओळ मोठ्याने वाचत असतो आणि दुसरा ती ती कळ बघून उत्तर देत असतो. वीस-वीस वर्षं विमान चालवलेल्या माणसांना हे शाळकरी पोरांसारखं वाचन कशाला लागतं? मी सरकारी कचेरीतला कारकून, विमानाशी संबंध प्रवाशापुरताच. पण हा इतिहास वाचताना मला आमच्या कचेरीचीच आठवण येत राहिली, म्हणून हा लेखनप्रपंच.

गोष्ट ३० ऑक्टोबर १९३५ ची. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट फील्ड तळावर लष्करासाठी नव्या बॉम्बफेकी विमानांची चाचणी चालू होती. बोइंग कंपनीचं चार इंजिनांचं ‘मॉडेल २९९’ सगळ्यांत सरस ठरणार, अशी चिन्हं होती. चालवायला बसले होते मेजर प्लॉयर हिल, लष्कराचे मुरलेले चाचणी-वैमानिक. विमान उडालं, नाक वर करून उभंच चढत गेलं, मग एका अंगावर कलंडून खाली कोसळलं आणि पेटलं. हिल गेले. बोइंगचे वैमानिक लेस्ली टॉवरही त्या जखमांनी पुढे दगावले.

चौकशीत यंत्राचा दोष निघाला नाही. उभ्या विमानाच्या शेपटीचे हलते भाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून त्यांना एक अटकाव लावलेला असतो. उडण्यापूर्वी तो काढायचा. त्या दिवशी तो काढायचा राहून गेला होता. बस्स, एवढंच!

लष्कराने १३३ विमानांची मोठी मागणी डग्लस कंपनीच्या दोन इंजिनांच्या विमानासाठी नोंदवली. बोइंगकडून फक्त १३ विमानं चाचणीसाठी घेतली. हे विमान एका माणसाच्या आवाक्यातलं नाही, असं लोक म्हणू लागले.

आता वैमानिकांपुढे प्रश्न होता, करायचं काय? प्रशिक्षण वाढवावं, तर हिलसारख्या माणसाला आणखी काय शिकवणार? त्यांनी वेगळाच मार्ग काढला. उड्डाणापूर्वी, उड्डाणात, उतरण्यापूर्वी आणि उतरल्यावर काय काय बघायचं याच्या छोट्या याद्या केल्या. सगळ्या गोष्टी प्रत्येक वैमानिकाला पाठ असलेल्याच! पण पाठ असलेलंच घाईत निसटतं, हे त्यांनी मान्य केलं. पुढे हेच विमान ‘बी-१७’ म्हणून दुसऱ्या महायुद्धात गाजलं. एकूण १२,७३१ बनली.

यादीने स्मरणशक्तीला आधार दिला. पण साहेबच चुकत असेल तर? याचा धडा २७ मार्च १९७७ रोजी मिळाला. कॅनरी बेटांपैकी टेनेरीफच्या विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएमच्या जंबोचे कॅप्टन म्हणजे कंपनीत जंबोच्या वैमानिकांना शिकवणारे ज्येष्ठ अधिकारी. त्यांनी इंजिनांचा जोर वाढवला तेव्हा सहवैमानिकाने अजून परवानगी नसल्याचं सांगितलं, ते त्यांनी ऐकलं. थोड्या वेळाने विमान पुन्हा निघालं. परवानगी मात्र तेव्हाही मिळालेली नव्हती. समोरचं पॅन अ‍ॅमचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही काय, असं या वेळी फ्लाइट इंजिनियरने विचारलं. कॅप्टननी ठामपणे उत्तर दिलं, ‘झालंय की’. त्यावर पुन्हा कोणी तोंड उघडलं नाही. दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली.

एवढ्या मोठ्या साहेबाला दुसऱ्यांदा कोण विचारणार? कचेरीत काम केलेल्या कोणालाही ती शांतता ओळखीची वाटेल. १९७९ मध्ये नासाने अशा अपघातांवर परिषद भरवली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांना नव्या प्रकारचे धडे सुरू केले. हाताखालच्याने शंका स्पष्ट बोलून दाखवायची आणि वरच्याने ती ऐकून घ्यायची. तेव्हापासून हेसुद्धा विमान चालवण्याचं कौशल्यच मानलं जाऊ लागलं.

पण यादी असली म्हणजे झालं, असंही नाही बरं का. १६ ऑगस्ट १९८७ रोजी अमेरिकेतल्या डेट्रॉइटहून नॉर्थवेस्टचं विमान उडालं, ते पंखांच्या पट्ट्या न उघडताच. कमी वेगात उचल मिळायला त्या उघडाव्या लागतात. धावपट्टीकडे जाताना वाचायची यादी वाचलीच गेली नव्हती आणि धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्राला वीज मिळत नव्हती. १५६ माणसं गेली. विमानातली चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. यादी तर कॉकपिटमध्येच होती!

हाच कागद पुढे शस्त्रक्रियेच्या खोलीत पोचला. तो पोचवण्यात पुढाकार होता अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे यांचा. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातले. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेची यादी काढली. आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. नामवंत सर्जनांनाही यादी वाचायला लावणं सोपं नव्हतं, हे सांगायला नकोच.

आपल्या मराठीत यासाठी जुना शब्द आहे, रुजुवात. टंकलेखनाच्या काळात नक्कल तयार झाली की एक कारकून मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसरा नकलेवर बोट ठेवून ‘हूं’ म्हणायचा. लिहिणारा कितीही जुना असो, दुसऱ्याची नजर फिरल्याशिवाय सही होत नसे. आता सरकारी अर्जांना चेकलिस्ट जोडलेली असते आणि बहुतेक ठिकाणी कागद उलटून न बघताच सगळ्या चौकोनांत खुणा पडतात. डेट्रॉइटची यादी वाचलीच गेली नव्हती. आपली न वाचताच भरली जाते, फरक तेवढाच. आमच्या चुकीने विमान पडत नाही हे खरं. पण एखाद्या म्हाताऱ्या विधवेचं पेन्शन सहा महिने अडतं. तिला ते विमान पडल्यासारखंच नाही का?