रॉकेलच्या आंघोळीची कुळकथा

खंडेनवमीला अवजारांच्या पूजेत शिलाई मशीनही बसते. हळदकुंकू लागण्याआधी तिची साफसफाई होते, आणि अनेक घरांत साफसफाई म्हणजे तेलाच्या भोकांतून आधी रॉकेल सोडायचं, काळं पाणी निघेपर्यंत मशीन रिकामी चालवायची आणि मग तेल घालायचं. मशीन जड झाली की एरवीही हाच इलाज. ही रीत मशीनसोबत आली असावी, असं सहज वाटतं. माझ्या मते ती मशीनची गरज म्हणून आलीच नाही. ती आली चुकीच्या तेलावरचा उतारा म्हणून, आणि तेल बदललं तरी उतारा मागे राहिला.

एलियास हाऊला शिलाई मशीनचं पेटंट 1846 मध्ये मिळालं, आयझॅक सिंगरला 1851 मध्ये. त्या काळातल्या नाजूक यंत्रांना स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत. ते पातळ असे, आणि मुख्य म्हणजे हवेत राहून चिकट होत नसे. पण ते महाग होतं. 1859 मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि त्याच तेलातून पुढे रॉकेलही निघालं, मशीनचं पांढरं पातळ तेलही. म्हणजे रोग धुणारं आणि रोग होऊच न देणारं, दोन्ही एकाच कुळातली. आपल्याकडे मात्र रॉकेल दिव्यासाठी घरोघरी पोचलं आणि मशीनचं तेल दुकानातल्या छोट्या कुपीतच राहिलं. कुपी संपली की हात जायचा तो स्वयंपाकघरातल्या बरणीकडे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात त्या बरणीत काय असणार? करडई, जवस, तीळ, शेंगदाणा. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकतं, त्याचा कडक पापुद्रा होतो. म्हणून तर ते रंगात आणि वार्निशात वापरतात. करडईचंही थोड्याफार फरकाने तेच. तीळ आणि शेंगदाणा सावकाश चिकटतात, एवढंच. खोबरेल तसं चिकटत नाही, पण साधारण 24 अंशांखाली थिजतं, आणि घाटावरच्या बुलढाण्यात हिवाळ्याची पहाट त्याच्या बरीच खाली जाते. असं तेल खाल्लेली मशीन आखडली की तिला मोकळं करायला रॉकेलइतकं स्वस्त दुसरं काही नव्हतं. तेव्हाचा तो इलाज शहाणपणाचाच होता.

यावर कुणी म्हणेल, तेल चांगलं असलं तरी इथली धूळ आणि कापूस यांचं काय? आक्षेप रास्त आहे. हा कापसाचा मुलूख. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला भाव आला आणि 1870 मध्ये जलंब–खामगाव रेल्वे फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला तो त्याच कापसासाठी. सुती धाग्याची लव मशीनमध्ये साचतेच. पण ती साचते कुठे ते पाहा. सुई वर घेऊन बॉबिन केस काढा, शटलच्या दोन्ही बाजूंच्या कळा सरकवा. कडी सुटते आणि कोयरीच्या टोकासारखं अणकुचीदार शटल हातात येतं. त्याच्यामागच्या खाचेत आणि सुईखालच्या पत्रीच्या आत, दातांमधल्या फटींत, लव दाबून बसून नमदा झालेली दिसेल. ही लव रॉकेलमध्ये विरघळत नाही, भिजून आणखी आत जाते. ती कोरड्या ब्रशनेच निघते.

शिवाय रॉकेल घाणीबरोबर चांगल्या तेलाचा थरही धुऊन नेतं, आणि नंतर एखादं भोक तेलावाचून राहिलं तर तिथे लोखंडावर लोखंड घासतं. बॉबिन भरायच्या चाकाचं रबर त्याने फुगतं, पट्ट्याला लागलं तर पट्टा घसरतो. वर्षातून एकदाच हात लावण्याचा मुद्दा तर वेगळाच: रोज शिवण असेल तर लव आठवड्यात साचते, ती खंडेनवमीची वाट पाहत नाही.

तेव्हा आजीच्या वेळची, गोडेतेलाने आखडलेली मशीन माळ्यावरून काढली असेल तर तिला एकदा जरूर रॉकेलने धुवा, उघड्या हवेत आणि चुलीपासून लांब, आणि कोरडी झाल्यावर प्रत्येक भोकात मशीनचं तेल घाला. बाकीच्यांनी शटल ब्रशने झाडावं, खाचेत एक थेंब सोडावा आणि आधी चिंधीवर चार टाके घालून जादा तेल टिपू द्यावं. रॉकेलची गरज नाही.