डॉ. हिर्शफेल्ड आणि त्यांचे तरुण रुग्ण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींत वैद्यकी करणारे डॉ. मॅग्नुस हिर्शफेल्ड यांच्या एका रुग्णानें विवाहाच्या आदल्या दिवशीं आत्महत्या केली. तो लष्करांतील तरुण अधिकारी होता. मनाचा ओढा पुरुषाकडे, आणि घरच्यांच्या इच्छेस्तव बोहल्यावर मात्र चढावयाचें, हें त्याला असह्य झालें. आपली हकीकत जगापुढें मांडावी, असें पत्र तो डॉक्टरांच्या नांवें ठेवून गेला. डॉक्टरांनीं १८९६ सालीं टोपणनांवानें या विषयावर पुस्तिका लिहिली व पुढच्याच वर्षीं, पुरुषांमधील अशा संबंधांस गुन्हा ठरविणाऱ्या १७५ व्या कलमाविरुद्ध लढणारी समिति स्थापिली.

परंतु त्यांचें खरें मोठेपण आम्हांस त्यांच्या उपचारपद्धतींत दिसतें. त्या काळीं कित्येक डॉक्टर संमोहनानें ही प्रवृत्ति घालवूं पाहत. हिर्शफेल्ड रुग्णास उलट समजावीत कीं, ही प्रवृत्ति जन्मजात आहे, रोग नव्हे. झिजविते ती भीति आणि लाज. मग त्याला त्याच्यासारख्याच माणसांच्या संगतींत आणावयाचें, एकाकीपण मोडावयाचें, कामांत मन रमवावयाचें, हाच उपचार. १९१९ सालीं त्यांनीं बर्लिनमध्यें उघडलेल्या संस्थेंत असा सल्ला मिळे. (ग्रंथिरोपणानें प्रवृत्ति बदलेल, ही भूल त्यांनाही कांहीं काळ पडली होती, तें लपविण्याचें कारण नाहीं.)

तरुणांनीं मात्र त्यांना नेहमीं साथ दिली असें नाहीं. १९०३ सालीं चार्लोटेनबुर्गच्या विद्यार्थ्यांस त्यांनीं या विषयावर प्रश्नपत्रकें पाठविलीं, तेव्हां कांहींनीं अपमान मानून फिर्याद केली व डॉक्टरांस दंड भरावा लागला. आणि ६ मे १९३३ रोजीं नाझी विद्यार्थ्यांच्याच टोळीनें ती संस्था लुटली. चार दिवसांनीं तिचे ग्रंथ भर चौकांत जाळले. डॉक्टर तेव्हां परदेशीं होते. १९३५ सालीं फ्रान्समध्यें नीस येथें, आपल्या वाढदिवशींच, ते वारले.

१७५ वें कलम जर्मनीनें पूर्णपणें रद्द केलें तें १९९४ सालीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० सालींच समलिंगी आकर्षण रोगांच्या यादींतून वगळलें होतें. १९३१ सालीं हिर्शफेल्ड ज्या आपल्या देशांत येऊन गेले, तेथें २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली. २०२१ सालीं मद्रास उच्च न्यायालयानें कल ‘बदलण्याचे’ उपचार थांबविण्यास सांगितलें, आणि २०२२ सालीं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें असे उपचार करणें हें डॉक्टराचें व्यावसायिक गैरवर्तन ठरविलें. त्या अधिकाऱ्याच्या पत्रास तेव्हां सव्वाशें वर्षें उलटून गेलीं होतीं.