वसईच्या किल्ल्याआधीची राजधानी

वसईचा इतिहास म्हटले की 1534 चा तह, पोर्तुगीज आणि 1739 चा चिमाजी अप्पांचा विजय, एवढ्यावर विषय संपतो. किल्ल्याच्या तटाला लागून राहणाऱ्या पाचूबंदरच्या मुलांनाही हेच पाठ असते. आमचा प्रश्न वेगळा आहे. राजधानीची थोरवी कशावरून ठरवायची? तिच्या तटबंदीवरून, की तिने कोणाला शिकवले यावरून?

किल्ल्याच्या उत्तरेला काही किलोमीटरवर सोपारा आहे. प्राचीन शूर्पारक, अपरान्ताची राजधानी आणि मोठे बंदर. येथील स्तूपाच्या टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. टोपल्या विणणाऱ्याला राजा मानणारी ही आठवण लोकांनी जपली, पुस्तकांनी नाही. एप्रिल 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे उत्खनन केले. दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, मातीच्या पात्राचे तुकडे आणि भोवती बुद्धांच्या कांस्यमूर्ती होत्या.

त्याहून मोलाचे आहेत ते सम्राट अशोकाचे शिलालेख. आठव्या लेखाचा तुकडा भगवानलालांना 1882 मध्ये सोपाऱ्यात मिळाला, नवव्याचा 1956 मध्ये भुईगावला. ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी! आठव्या लेखात राजा सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण धम्मयात्रेला जातो, गावोगावच्या लोकांना भेटतो, त्यांच्याशी धम्माची चर्चा करतो. नववा लेख आजारपण, लग्न, प्रवास अशा प्रसंगी होणाऱ्या कर्मकांडांचे फळ थोडे असते, असे सांगतो. दास आणि सेवकांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राणिमात्रांबाबत संयम, हेच खरे मंगल. विवेकवाद युरोपातून आला म्हणणाऱ्यांनी भुईगावचा हा दगड एकदा वाचावा.

कोणी म्हणेल, दगडावर कोरले म्हणून सर्वांनी वाचले असे कुठे आहे? बरोबर. पण लेख संस्कृतात नाहीत, प्राकृतात आहेत. एकाने वाचले तरी ऐकणाऱ्याला अर्थ लागत होता. ज्ञान ऐकल्याबद्दल कानात शिसे ओतण्याची भाषा येथे नाही. सोपाऱ्याच्या एका भाणक भिक्खूने कार्ल्याच्या लेण्यात स्तंभ दान दिला, त्याचा लेख आजही तेथे आहे. ही विद्या बंदरात अडून राहिली नाही, घाट चढून गेली.

आता किल्ल्याकडे पाहू. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची ही राजधानी. जेझुइट, डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन यांचे मठ आणि चर्च येथे होते, शिक्षणही होते. ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्याची मर्यादा गोन्सालो गार्सियाच्या चरित्रात दिसते. आई वसईची, वडील पोर्तुगीज. तो जेझुइटांकडे शिकला, जपानमध्ये त्यांच्यासाठी राबला, पण त्यांच्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. शेवटी फ्रान्सिस्कनांनी त्याला बंधू म्हणून घेतले. 1597 मध्ये नागासाकीला त्याला क्रूसावर मारले गेले आणि 1862 मध्ये तो संत ठरला. शिकवले, पण बरोबरीने बसवले नाही.

1739 नंतर झेंडा बदलला. पण पेशवाईची दक्षिणा ब्राह्मणांसाठी होती, कोळ्याच्या किंवा महाराच्या पोरासाठी पाठशाळा नव्हती. अस्पृश्य मुलांना शाळेचे दार उघडायला जोतिराव-सावित्रीबाईंची वाट पाहावी लागली. पुढे बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत महाविद्यालय काढले आणि त्याला सिद्धार्थ हे नाव दिले. हा नुसता नावाचा प्रश्न नव्हता. ज्ञान सर्वांसाठी, हा तुटलेला धागा त्यांनी पुन्हा जोडला.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वसई-विरारमधील प्रत्येक शाळेची सहल किल्ल्याबरोबर सोपाऱ्याच्या स्तूपावरही जावी. दोन्ही शिलालेखांचा मराठी अर्थ तेथे मोठ्या अक्षरांत लावावा. स्तूपातील वस्तू मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत, त्यांची निदान छायाचित्रे आमच्या मुलांना पाहायला मिळावीत. पाचूबंदरच्या पोराला आपल्या दारातल्या तटाची उंची माहीत आहे. आपल्याच तालुक्यात एका राजाने दासाशी माणसासारखे वागा असे दगडावर कोरून ठेवले होते, हेही त्याला कळले पाहिजे.

जय भीम!