चंद्राच्या वाटेवर दिसलेली पृथ्वी

‘अपोलो ८’ मधले तिघे अंतराळवीर निघाले होते चंद्र बघायला. पुढच्या यानांना उतरायला योग्य जागा कुठे आहे, हे छायाचित्रांतून शोधायचं होतं. पृथ्वीचा फोटो हे काही त्या मोहिमेचं मुख्य काम नव्हतं.

२४ डिसेंबर १९६८ ला, चौथ्या प्रदक्षिणेत, चंद्राच्या राखाडी क्षितिजावर निळी पृथ्वी उगवताना दिसली. बिल अँडर्स यांनी आधी एक कृष्णधवल फोटो घेतला आणि मग जिम लॉव्हेल यांच्याकडे घाईघाईनं रंगीत फिल्म मागितली. त्या रंगीत फोटोला जगानं ‘अर्थराइज’ म्हणून डोक्यावर घेतलं.

या एका फोटोनं पर्यावरण चळवळ जन्माला घातली, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. कीटकनाशकांच्या विषाबद्दल लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ मध्येच लिहिलं होतं. जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराचा किनारा तेलगळतीनं काळवंडला, आणि ते पाहून सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी वसुंधरा दिनाचा ध्यास घेतला. २२ एप्रिल १९७० ला सुमारे २ कोटी अमेरिकन त्यात सहभागी झाले. चळवळीला इंधन पुरवलं ते जमिनीवरच्या संतापानं. फोटोनं तिला चेहरा दिला, आणि तेही थोडं नव्हे.

पृथ्वीचा असा आणखी एक फोटो पुढे निघाला. ७ डिसेंबर १९७२ ला ‘अपोलो १७’ नं पूर्ण उजळलेल्या पृथ्वीगोलाचा फोटो घेतला. त्यात हिंदी महासागरावर ढगांचा एक भोवरा दिसतो. ते नुकतंच तमिळनाडूला झोडपून गेलेलं चक्रीवादळ होतं.