विंडोज ११ केल्यावर जुना मेन्यू कुठे गेला? ओळखीची मांडणी परत कशी आणायची?

पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यातलं वेवजी हे गुजरातच्या सीमेला लागून असलेलं गाव. अशा गावांत उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा या सगळ्यांसाठी ऑनलाइन अर्ज भरून देणारा एखादाच संगणक असतो. समोर माणसं थांबलेली असतात आणि चालवणाऱ्याचा हात सवयीने चालत असतो. त्या संगणकावर विंडोज ११ आलं की पहिल्या दिवशी हा हात अडखळतो. स्टार्टचं बटण कोपऱ्यात नसतं आणि राइट क्लिक केल्यावर कॉपी, पेस्ट हे शब्द जागेवर दिसत नाहीत.

पण घाबरून कुठलंही सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका. बहुतेक जुन्या गोष्टी गेलेल्या नाहीत, फक्त त्यांची जागा बदलली आहे.

हा बदल आत्ताच का जाणवतोय?

विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. तरी अनेकांनी विंडोज १० सोडलं नव्हतं. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. सुरक्षेचे अपडेट बंद होणार म्हटल्यावर कित्येकांना अपग्रेड करावं लागलं.

मेन्यूवरून नाराजी होण्याची ही पहिलीच वेळ नाही. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्टार्टचं बटणच काढून टाकलं होतं. लोक वैतागले आणि २०१३ मध्ये ८.१ सोबत बटण परत आलं. पूर्ण स्टार्ट मेन्यू परत यायला २०१५ चं विंडोज १० उजाडावं लागलं.

राइट क्लिकचा जुना मेन्यू

नव्या मेन्यूत कट, कॉपी, रीनेम, डिलीट यांची छोटी चित्रं एका ओळीत असतात. मेन्यू उघडायला वर जागा असेल की खाली, त्यावर ही ओळ कधी वर दिसते, कधी खाली. घाईत कॉपीऐवजी डिलीट दाबलं जाण्याची भीती इथेच असते. तसं झालं तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबा किंवा रिसायकल बिनमधून फाइल परत घ्या. २४एच२ या आवृत्तीपासून चित्रांखाली नावंही दिसतात, त्यामुळे अपडेट करून घेतलेलं बरं.

जुना मेन्यू हवा असेल तर तीन रस्ते आहेत:

१. मेन्यूच्या तळाशी असलेल्या ‘शो मोअर ऑप्शन्स’वर क्लिक करा.
२. फाइल निवडून शिफ्ट आणि एफ१० दाबा.
३. शिफ्ट दाबून ठेवून राइट क्लिक करा. जुना मेन्यू थेट उघडतो.

जुन्या सॉफ्टवेअरचे पर्याय अनेकदा फक्त या जुन्या मेन्यूतच दिसतात. पर्याय गायब झाला असं वाटलं तर आधी इथे बघा.

स्टार्ट पुन्हा डावीकडे

सेटिंग्ज उघडा, पर्सनलायझेशनमध्ये टास्कबारवर जा. तिथे ‘टास्कबार बिहेवियर्स’मध्ये अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा. स्टार्टचं बटण कोपऱ्यात येतं.

याच ठिकाणी उघड्या खिडक्यांची नावं पट्टीवर दिसण्याची सोय आहे. ‘कंबाइन टास्कबार बटन्स’ला ‘नेव्हर’ निवडा. एकाच वेळी चार अर्ज उघडे असतील तर कुठला कोणाचा हे लगेच कळतं. विंडोज ११ च्या सुरुवातीला ही सोय नव्हती, २०२३ मध्ये ती परत आली.

कंट्रोल पॅनल सापडत नसेल तर स्टार्ट उघडून त्याचं नाव टाइप करा. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं, किंवा विंडोज आणि एक्स दाबलं, तर डिव्हाइस मॅनेजर, टास्क मॅनेजर अशी कामाची यादी मिळते.

मराठी टायपिंगचा मेन्यू

सीमेवरच्या गावात मराठी, गुजराती, इंग्रजी अशा तिन्ही भाषा एकाच संगणकावर लागू शकतात. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस दाबा. जुनी भाषा पट्टी हवी असेल तर सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग टायपिंग, मग ‘अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’मध्ये जाऊन डेस्कटॉप लँग्वेज बारवर खूण करा. तिथेच प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याचा पर्यायही आहे. अर्ज मराठीत आणि ईमेल इंग्रजीत, असं काम करणाऱ्यांना तो उपयोगी पडतो.

रजिस्ट्रीचा उपाय करावा का?

जुना राइट क्लिक मेन्यू कायमचा आणणारी एक कमांड सोशल मीडियावर फिरते. ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, एक रिकामी नोंद घालते. त्यामुळे नवा मेन्यू उघडत नाही आणि जुना दिसतो. हा उपाय अनेकांकडे चालतो, पण तो सेटिंग्जमधला अधिकृत पर्याय नाही. पुढच्या एखाद्या अपडेटनंतर तो बंद पडू शकतो. करायचाच असेल तर आधी रजिस्ट्रीची प्रत काढा आणि कमांड काय करते ते समजून घ्या. फॉरवर्ड होऊन आलेली फाइल डबल क्लिक करून चालवू नका. ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील भरले जातात, तिथे तर अजिबात नको.

परत विंडोज १० वर जाता येतं का?

अपग्रेडनंतर साधारण १० दिवस. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरीमध्ये ‘गो बॅक’ दिसतं. त्याआधी फाइल्सची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घ्या. पण विंडोज १० वर नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांनाही वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. म्हणजे माघारी गेलात तरी हाच प्रश्न पुन्हा समोर येईल.

आधी काय करावं?

स्टार्ट डावीकडे आणा, पट्टीवर नावं दाखवा, भाषा पट्टी लावा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. शिफ्ट आणि राइट क्लिक हे एका कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवा. आणि हे सगळं रांग लागायच्या आधी, सकाळीच उरकून घ्या.