वेदोक्त प्रकरण : चार गुणांची टीप

‘वेदोक्त प्रकरणावर टीप लिहा’ हा प्रश्न परीक्षेत हमखास यायचा. मीही टीप पाठ केली, चारपैकी साडेतीन गुण मिळवले आणि विसरून गेले. परवा शाहू महाराजांचे चरित्र वाचताना कळले, की प्रकरण मला समजलेच नव्हते.

१८९९ च्या कार्तिकात महाराज पंचगंगेवर पहाटेच्या स्नानाला जात. भटजी वैदिक मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतात, हे लक्षात आले. विचारल्यावर उत्तर मिळाले, की शूद्रांना पुराणोक्तच. करवीरच्या छत्रपतींना त्यांच्याच राज्यात कोणी क्षत्रिय मानत नव्हते! १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाआधी शिवरायांची मुंज करावी लागली होती. सव्वादोनशे वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

वेदोक्त विधींना नकार देणारे राजोपाध्ये दरबारच्याच इनामावर जगत होते. महाराजांनी १९०२ मध्ये त्यांचे वतन जप्त केले. ‘केसरी’ने वेदोक्ताच्या मागणीला विरोध केला. वाद ब्रिटिश सरकारपर्यंत गेला आणि निर्णय महाराजांच्या बाजूने लागला.

पण प्रश्न एका पुरोहिताचा नव्हता. महाराज गादीवर आले त्या १८९४ साली कारभारातल्या ७१ जागांपैकी ६० जागा ब्राह्मणांकडे होत्या. धर्माने ज्यांना विद्येचा अधिकार दिला, त्यांच्याच हाती सरकारी दप्तरही होते. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज इंग्लंडमध्ये असताना, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी ठेवण्याचा हुकूम निघाला. १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा आदेश झाला.

महाराजांनी धर्म मात्र सोडला नाही. १९२० मध्ये त्यांनी स्वतंत्र क्षात्रजगद्गुरूच नेमले. म्हणजे धर्म आणि राज्यकारभार तेव्हाही वेगळे झाले नाहीत. धर्माच्या नावाने बंद केलेली दारे उघडायला त्यांनी राज्यसत्ता वापरली, एवढे खरे.

आपली शाळा याच संस्थानच्या जुन्या हद्दीतली. मेळाव्याच्या निमित्ताने दहावीचा वर्गफोटो काढून पाहिला. माझ्या शेजारी खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या मैत्रिणीच्या पणजोबांना १९१९ पूर्वी वेगळ्या शाळेत बसावे लागले असते. माझ्या पणजोबांना नाही. आम्ही दोघींनी ती टीप एकाच वहीतून पाठ केली होती.